सोनेरी रंगवलेली सोंड

बुऱ्हाणपूरहून परत आले त्याला आता बरेच दिवस झाले, तरी माझा राग काही उतरत नाही. कुणाला शांत, गोड प्रवासवर्णन वाचायचं असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं. तापीवरचा सूर्यास्त मी पाहिला, मावा जलेबी खाल्ली, पाहुणीने जे जे करायचं ते सगळं केलं. पण मला सांगायचं आहे ते एका लोखंडी खांबाबद्दल, आणि ते सांगताना माझा आवाज चढणार. चढू दे.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. पाइप, पंप, व्हॉल्व्ह, टाक्या. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी यात्रा कंपन्यांबरोबर देवदर्शनाला निघाल्या आणि मी जुन्या टाक्या बघत फिरायला लागले. माझे यजमान म्हणतात, "लोक कळसाला हात जोडतात, ही ओव्हरफ्लोच्या पाइपला जोडते." म्हणू देत. बुऱ्हाणपूरला माझा मावसभाऊ दिगूदादा राहतो, निवृत्त शिक्षक. त्याने फोनवर सांगितलं, "शैला, आमच्या वस्तीत कोळशाच्या इंजिनाला पाणी पाजायचा खांब अजून उभा आहे. नुसता उभा नाही, चालू आहे." चालू आहे म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी बॅग काढली.

लालबाग

बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत आहे, गावापासून जरा बाजूला. दिगूदादा स्कूटर घेऊन आला होता. माझी बॅग पायाशी, मी मागे, आणि वाटेत केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अडकून आम्ही धूळ खात वस्तीत पोचलो.

इथे कधीकाळी कापसाच्या गाठी बांधायची प्रेस होती. गाठी न्यायला रुळांची एक खाजगी फांदी आत आलेली होती, आणि इंजिनासाठी विहीर, उंच टाकी आणि पाण्याचा खांब. प्रेस बंद पडली, रूळ उचलले गेले, कामगारांची वस्ती राहिली. विहीर राहिली, टाकी राहिली आणि हा खांबही राहिला.

ज्यांनी असा खांब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन पुरुष उंचीचा बिडाचा खांब. वर आडवा, पुढे वाकलेला जाड पाइप. तो फिरवून इंजिनाच्या टाकीवर आणायचा आणि खाली बुंध्याशी असलेलं चाक फिरवलं की पाणी धो धो आत पडायचं. पाणी उडू नये म्हणून तोंडाला कातड्याची लांब पिशवी बांधलेली असे. वस्तीतले लोक त्या वाकलेल्या पाइपला सोंड म्हणतात. पिशवी कधीच कुजून गेली, आणि सोंडेतून आता पाणी सोडतही नाहीत. प्रेस बंद पडल्यावर वस्तीने खांबाच्या बुंध्यातून एक फाटा काढला आणि ओळीने नळ बसवले. जागा खाजगी, म्हणून दुसरा नळ वस्तीत आलाच नाही. सगळी वस्ती या एका चाकावर जगते.

सुमनवहिनीने जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वर कच्च्या तेलाची धार असा बेत केला होता. आमच्या नाशिकला भरतात दही घालतात हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. "दही? अवो ताई, मग त्याले भरीत कायले म्हनता?" दिगूदादा मास्तरांचं मराठी बोलतो, वहिनी मात्र तापीकाठचं. मला तिचंच ऐकायला आवडतं.

संध्याकाळी ती पदर खोचून उठली. "चला, तुमची सोंड दाखवते."

वस्तीत चाक फिरवायचा मान वहिनीचा. तिने चाक उघडलं, नळांना पाणी आलं, भांडी, ड्रम, टिपं भरू लागली. भरून झाल्यावर जे झालं ते मी आख्ख्या नोकरीत कुठे पाहिलं नव्हतं. वहिनी चाकाला हात घालून उभी राहिली आणि ओरडली, "महाजन!"

पलीकडून आवाज आला, "भरलं!"

तिने चाक बंद होण्याच्या दिशेने जरासं फिरवलं. "तायडे!" "भरलं!" पुन्हा जरासं. "कोळी!" कोळ्यांकडून उत्तर नाही. वहिनी थांबली. चाक तसंच. "ओ कोळीन, झोपली का?" आतून धावत एक बाई आली, "थांब वं, बकेट राह्यली!" तिची बादली भरली, तिने "भरलं" म्हटलं, मगच चाक पुढे गेलं. असं घरागणिक. शेवटी वहिनीने नाव घेतलं, "कडूबाबा!" आणि सगळ्या वस्तीने एकदम उत्तर दिलं, "भरलं!" चाक शेवटचं फिरलं आणि पाणी थांबलं. खांब मुका उभा होता, पाइप एवढासाही वाजला नाही.

"कडूबाबा कोण?" मी विचारलं.

"प्रेसच्या टायमाले हेच चाक सांभाळे," वहिनी म्हणाली. "त्यानंच शिकवलं. नाव घेतल्याबगर चाक फिरवायचं नाही म्हने. त्याले जाऊन लय वर्सं झाली, घर बंद आहे. पन नाव घ्यावंच लागते."

त्या वेळी मला रडायला येईल असं वाटलं, इतकी मी खूश झाले. कारण मला ठाऊक होतं कडूबाबाने काय करून ठेवलं आहे. जाड पाइपातून जोरात पळणारं पाणी एकदम अडवलं, तर ते मागे दणका मारतं. घरातला नळ झटकन बंद केला की भिंतीत 'ठक्' होतं ना, तेच, पण एवढ्या मोठ्या पाइपात झालं तर सांधे उखडतात. म्हणून चाक सावकाश फिरवायचं. हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर आकृत्या काढून सांगायची, तरी ती विसरायची. इथे शेजाऱ्यांची नावं घेता घेता ते आपोआप होत होतं, आणि कुणाचं भांडं रिकामं राहत नव्हतं.

आता रागाची गोष्ट. खांबाखाली गोल कुंडाचं बांधकाम अर्धं झालं होतं, आणि वरच्या भागाला एक माणूस शिडीवर चढून रंग देत होता. सोनेरी. लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्यांना असतो तसला सोनेरी.

"हे काय?" मी दिगूदादाला विचारलं.

"जागा कुठल्याशा शेठनं घेतली. हॉटेल काढतोय, पुढे बाग. सोंडेला शोभा आणणार म्हणे. जाऊ दे ना, बरं दिसेल."

'जाऊ दे ना' हा माझ्या मावसभावाचा लहानपणापासूनचा मंत्र आहे. त्याने जितकं जाऊ दिलं आहे तितकं एखाद्या धरणाने पावसाळ्यात सोडलं नसेल.

कुंडी भंडारा आणि परत

दुसऱ्या दिवशी दादाने मला कुंडी भंडारा दाखवला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जाच. मोगलांच्या काळात जमिनीखाली बोगदा काढून डोंगराकडचं पाणी गावात आणलं, वर ओळीने विहिरी. पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उतारावर पाणी चालत येतं. खाली उतरल्यावर गार हवा लागते आणि भिंतीवर पांढरा चुना जमलेला दिसतो. मी पाण्यात हात घातला. बराच वेळ काढलाच नाही. त्या लोकांना पाण्याशी कसं बोलायचं ते कळत होतं.

परतताना गावात मावा जलेबी खाल्ली. काळपट, जाड, आतून ओली. आमच्याकडची कुरकुरीत पिवळी जलेबी हिच्यापुढे पोरकट वाटते. चपलेचा अंगठा दुकानाच्या पायरीवरच तुटला, मी एक पाय ओढत वस्तीत आले, आणि बघते तर चाक गायब.

चाकाच्या जागी एक चकचकीत निळा डबा बसवला होता. त्यातून वायर निघून एका खांबावर लाल बटणाला गेली होती. सोंडेखाली रंगीत फरशांचं गोल कुंड, त्यात दिवे. चाक पुसून, त्याला सोनेरी रंग देऊन, एका पाटीवर ठोकलं होतं. गॉगल लावलेला एक साइट इंजिनिअर मोबाइलवर कुणाला तरी व्हिडिओ पाठवत होता.

"हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

"नमस्ते मॅडम! हेरिटेज वॉटरफॉल है. बटन दबाओ, पानी गिरेगा. फिर दबाओ, बंद. एक सेकंद में!"

"एका सेकंदात?"

"एकदम इन्स्टंट!" त्याला वाटलं मी कौतुक करते आहे.

मी त्याला सांगितलं. आधी नीट सांगितलं, शपथेवर. म्हटलं, बाळा, हा पाइप कितीतरी जुना आहे, शिशाने भरलेले सांधे आहेत, टाकी लांब आहे, पाणी जोरात असतं. एका सेकंदात अडवलंस तर फुटेल. याच लाइनवर वस्तीचे नळ आहेत. त्याने गॉगल डोक्यावर चढवला, माझ्या तुटक्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, आप टूरिस्ट हो ना? फोटो लो, एन्जॉय करो."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते मला त्या क्षणी एका अनवाणी तळपायापासून कळलं.

"अरे, मी तुझ्या वयाची होते तेव्हापासून व्हॉल्व्ह बघतेय!" मी ओरडले. दिगूदादा मागून म्हणाला, "शैला, जाऊ दे ना." वहिनी पाटीवरच्या चाकाकडे बघत होती.

त्याने आमच्यासमोरच चाचणी घेतली. बटण दाबलं. सोंडेतून एवढं पाणी कोसळलं की कुंडातले दिवे दिसेनासे झाले. त्याने व्हिडिओ काढला. मग पुन्हा बटण दाबलं.

पाणी टक्कन थांबलं. आणि मग जमिनीखालून आवाज आला, धाड! पायाखालची माती हलली. पुन्हा धाड, जरा लहान. नळांच्या ओळीकडून कोळीणबाईची किंकाळी आली. फाट्याचा पाइप मधोमध उखडला होता आणि चिखलाचं कारंजं छपरापर्यंत उडत होतं.

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल, बघा मी सांगितलं होतं म्हणून. अजिबात नाही. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, एवढंच. सगळी वस्ती धावली. बायांनी चिंध्या, गोणपाटं कोंबली. कुणीतरी धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. संध्याकाळची भांडी तशीच रिकामी राहिली.

आणि तो इंजिनिअर काय म्हणाला? म्हणाला, "लाइन पुरानी थी. अच्छा हुआ, पता चल गया." त्याने माणसं बोलावून फाट्याच्या तोंडावर जाड टोपण ठोकून तो कायमचा बंद केला. सोंडेपर्यंतची लाइन मात्र शाबूत होती, तिचा सांधा त्याने तत्परतेने घट्ट करवला. परवा उद्घाटन होतं ना! मोठे पाहुणे येणार. वस्तीला? वस्तीला टँकर येईल. कधी? "देखते हैं."

राजघाट, जैनाबाद

विहिरीवर शेठचं कुलूप होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीतल्या बायांबरोबर लांबच्या हातपंपावर गेले. पाणी खारट, दांडा जड. एक हंडा भरेपर्यंत माझे खांदे बोलायला लागले. वहिनी दोन हंडे डोक्यावर, एक कंबरेवर घेऊन चालत होती. घरी आल्यावर तिने हंडे उतरवले आणि पायरीवर बसली.

"ताई," ती म्हणाली, "मले आता सगळ्यायनं विचारलं, सुमनबाई, चाक तर तुमच्या हाती होतं. काय सांगू मी त्यायले?"

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. दिगूदादा म्हणाला, "मी शेठला अर्ज लिहितो." वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेन परत खिशात ठेवलं.

दुपारी मी म्हटलं, मला जरा नदीवर न्या, नाहीतर मी त्या निळ्या डब्यावर दगड घालेन. दिगूदादाने आम्हा दोघींना राजघाटावर आणलं. पायऱ्यांवर लोक अंघोळी करत होते, म्हशी डुंबत होत्या, पलीकडे जैनाबाद उन्हात पांढरं दिसत होतं. होडीतून पलीकडे गेलो. काठापासून आत केळीच केळी, हिरव्या सावलीत पाय ठेवला की घाम थांबतो. दादाचा एक जुना विद्यार्थी तिथे केळी लावतो. त्याने घडांना घातलेल्या निळ्या पिशव्या दाखवल्या, डाग पडू नये म्हणून. पिकलेली केळी दिली, झाडावर पिकलेली. बाजारच्या केळ्याला अशी चव येत नाही.

ट्रक भरला जात होता. वर ताडपत्री ताणून दोर आवळत होते. मी केळं खाता खाता ताडपत्रीकडे बघत बसले. आणि मला जुनी कातड्याची पिशवी आठवली.

"वहिनी," मी म्हटलं, "सोंड बंद आहे का?"

"नाही वं. फाटा बंद आहे. सोंड तर उद्या सुरू करतील ना, त्यायच्या साहेबासाठी."

"मग उद्या वस्तीने सोंडेतून भरायचं."

वहिनी हसली, पहिल्यांदा. "अवो, पाहिलं नाही का कसं कोसळते? हंडा हातातून उडून जाईल."

"इंजिनाची टाकी कशी भरत होते? तोंडाला पिशवी बांधून." मी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "एवढा तुकडा मिळाला तरी पुरे. नळकांडं करून सोंडेच्या तोंडाला आवळायचं, खालचं टोक हातात धरायचं. पाणी सरळ उतरेल."

दिगूदादाने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. आम्ही दोघी त्याच्याकडे वळलो. त्याने ताडपत्रीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पण बांधू कोण देईल? तो गॉगलवाला दिवसभर तिथंच असतो." आणि मग, जन्मात पहिल्यांदा, माझ्या मावसभावाने जाऊ दिलं नाही. "झेंडूच्या माळा लावू वरून," तो म्हणाला. "उद्घाटनाची सजावट म्हणून."

मी त्याला तिथेच केळीच्या बागेत मिठी मारली. विद्यार्थ्याने ताडपत्रीचा एक जुना तुकडा दिला, आणि काय करणार ते विचारलंही नाही.

उद्घाटन

सकाळी वस्तीतल्या बाया झेंडू घेऊन गेल्या. इंजिनिअर खूश. "वा, लोकल पार्टिसिपेशन!" त्याने शिडीसुद्धा धरली. सोंडेच्या तोंडाला ताडपत्रीचं नळकांडं आवळलं गेलं, त्यावर माळा, आंब्याची पानं. दिसायला झकास. मला एवढंच सांगायचं आहे की गाठ मी स्वतः तपासली.

मग मांडव, खुर्च्या, भाषणं. शेठ बोलले, ते पाण्याच्या वारशाबद्दल बोलले. अहो, वारसा! ज्यांनी परवा वारशाच्या नळावर टोपण ठोकलं ते बोलत होते! मी मागच्या खुर्चीत दातओठ खात बसले होते. शेजारच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली. तीही विकतची.

पाहुणे उठले. पुढारी माणूस, पांढरे कपडे, हसरा चेहरा, भोवती कॅमेरे. त्यांनी लाल बटण दाबलं. सोंड थरथरली, ताडपत्री फुगली, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या आणि जाड धार सरळ खाली उतरली. टाळ्या.

टाळ्या संपायच्या आत वहिनी पुढे आली. हातात हंडा. मागे सगळी वस्ती, हंडे, बादल्या, ड्रम ढकलत. दोघींनी ताडपत्रीचं टोक धरलं आणि हंडा भरला. कॅमेरे वळले. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे, ते हात जोडून हसले.

इंजिनिअरला कळलं. तो बटणाकडे धावला. "सर, अब बंद कर दीजिए—"

"बंद नका करू!" वहिनी म्हणाली. एवढा मोठा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "साहेब, तुमच्या हाती बटन आहे ना? मग ऐका. आमच्या वस्तीत नावं घेतल्याबगर पानी बंद होत नाही. परवा यायनं नाव न घेता बंद केलं आनि आमची लाइन फोडली. आता आमचे नळ बंद आहेत. हेच पानी आहे आमच्यापाशी." मग तिने वळून हाक दिली, "महाजन!"

"नाही भरलं!"

"तायडे!"

"नाही भरलं!"

पाहुण्यांचा हात बटणावर होता. समोर कॅमेरे, आणि बायकांची रांग. मी त्या माणसाला मानलं असं नाही, त्याचा हात मायेने थांबला असंही मी म्हणणार नाही. त्याला मतं दिसत होती. पण थांबला. शेठ कानात काही सांगायला वाकले, त्यांना त्याने कोपराने मागे सारलं. "भरने दो, भरने दो," तो म्हणाला, आणि कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा हसला.

मग वस्ती भरली. घरागणिक नाव, घरागणिक उत्तर. माझे कपडे चिंब झाले, दादाचा चष्मा वाहून कुंडात गेला. खुर्च्यांवरच्या लोकांनी पाय वर घेतले. रंगीत फरशांवर चिखल, दिव्यांवर झेंडू. "कोळी!" "भरलं!" आणि धार हळूहळू बारीक होत गेली, कारण टाकीच रिकामी होत आली होती. शेवटचा ड्रम भरला तेव्हा सोंडेतून दोरीएवढं पाणी येत होतं. वहिनी म्हणाली, "कडूबाबा!" सगळ्यांनी उत्तर दिलं. पाहुण्यांनी बटण दाबलं. दणका बसायला पाइपात काही उरलंच नव्हतं.

मी खुर्चीवर उभी राहिले. वय विसरून. म्हटलं, "साहेब, आता मी सांगते दणका कसा बसतो ते," आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पाइप, शिसं, एक सेकंद, सगळं. इंजिनिअरच्या गॉगलबद्दलही दोन शब्द सांगितले, ते इथे लिहीत नाही. पाहुणे कॅमेऱ्यासमोर शेठना म्हणाले, "चक्का वापस लगवाइए. नल भी." मागून कुणी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कॅमेऱ्यासमोरचे शब्द मी नोकरीत पुष्कळ ऐकले आहेत.

नाशिक

परत आल्यावर मी रोज फोन करायची. "लागलं का चाक?" "नाही." "आला का टँकर?" "आला एकदा." रोज माझं डोकं तडकायचं आणि घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही. शेठचा फोन नंबर मिळवला, रोज त्यांच्याशीही भांडले. ते उचलायचे बंद झाले तेव्हा यजमानांच्या फोनवरून भांडले. दिगूदादा तिकडे हॉटेलच्या कचेरीत रोज जाऊन बसायचा, मास्तर बसतो तसा, हलायचाच नाही.

मग काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते.

"ताई, बोलू नका. ऐका फक्त."

मागे पाण्याचा आवाज. नळांना येणाऱ्या पाण्याचा, तो मी झोपेतही ओळखेन. मग वहिनीची हाक, "महाजन!" "भरलं!" "तायडे!" "भरलं!" सगळी नावं तशीच. डब्याचा निळा सांगाडा अजून तिथेच लटकतो आहे, रंग सोनेरीच आहे, पाटीही आहे, हे तिने नंतर सांगितलं आणि त्याचा राग मला आज आला. पण काल मी नुसती ऐकत होते. कोळीणबाईने नेहमीप्रमाणे उशीर केला. मग वहिनी फोनच्या जवळ येऊन ओरडली, "शैलाताई!"

मला कळलंच नाही.

"अवो ताई, बोला ना! तुमच्यापायी चाक थांबलंय, पानी वाया जाते!"

पाणी वाया जातं म्हटल्यावर मी जे ओरडले, "भरलं!" ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. पलीकडे वस्ती हसली. मग वहिनीने शेवटचं नाव घेतलं, सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले. पाणी थांबलं. पाइप वाजला नाही.